दुकान बंद, नोंदणी रद्द, मग ही वसुली कसली?

वाचकांचे प्रश्न : व्यवसाय बंद केल्यानंतरची जीएसटी थकबाकी

प्रश्न : भोसरीत माझं एकट्याच्या मालकीचं छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप होतं. दोन वर्षांपूर्वी ते बंद केलं. शेवटच्या काही महिन्यांची रिटर्न भरायची राहिली आणि पुढे खात्यानेच नोंदणी रद्द केली. आता बँकेने माझं घरखर्चाचं बचत खातं गोठवलं आहे. साधारण पावणेचार लाखांची ‘डीआरसी-१३’ म्हणजे वसुलीची नोटीस आली आहे, असं बँक सांगते. मला तर एकही नोटीस मिळालेली नाही. खातं मोकळं कसं करायचं?

उत्तर : नोटीस बहुधा जीएसटी पोर्टलवर पडून असेल. नोंदणीकृत ईमेलवर पाठवणं आणि पोर्टलवर टाकणं हे दोन्ही जीएसटी कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोटीस बजावण्याचे मार्ग म्हणून दिलेले आहेत. नोंदणीच्या वेळी ईमेल आणि मोबाइल नंबर कर सल्लागाराचा दिलेला असतो. धंदा बंद होतो, सल्लागाराशी संपर्क सुटतो आणि नोटिसा त्याच्या इनबॉक्समध्ये साचत जातात. नोंदणी रद्द झाली तरी लॉगिन चालू राहतं, त्यामुळे आधी पोर्टल उघडा. ‘व्ह्यू नोटिसेस अँड ऑर्डर्स’ आणि ‘व्ह्यू ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ असे दोन वेगळे पर्याय दिसतील. दोन्ही पाहा, कारण बऱ्याच जणांचा आदेश दुसऱ्यात सापडतो. मग लेजरमध्ये ‘इलेक्ट्रॉनिक लायबिलिटी रजिस्टर’चा दुसरा भाग उघडून प्रत्येक मागणीचा डिमांड आयडी, कर, व्याज आणि दंड वेगवेगळा उतरवून घ्या. बँकेकडून डीआरसी-१३ ची प्रतही मागा. तिच्यातली रक्कम आणि पोर्टलवरची रक्कम जुळते का, हे ताडून पाहा.

तुम्ही सांगता त्यावरून मूळ आदेश ‘एएसएमटी-१३’ असावा. रिटर्न आलं नाही की आधी ‘जीएसटीआर-३ए’ ही नोटीस निघते. तिच्यातले १५ दिवस उलटले की अधिकारी कलम ६२ खाली उपलब्ध माहितीवरून स्वतः अंदाज बांधून कर ठरवतो, तोच हा आदेश. हा अंदाज बहुधा खऱ्या देण्यापेक्षा जास्तच निघतो.

पुढचं सगळं आदेशाच्या तारखेवर ठरतं. आदेश मिळून ६० दिवस झाले नसतील, तर राहिलेलं रिटर्न पूर्ण कर भरून दाखल करा. तो आदेश आपोआप मागे घेतला गेला असं धरलं जातं, फक्त व्याज आणि विलंब शुल्क द्यावं लागतं. त्यापुढच्या ६० दिवसांतही हा मार्ग खुला असतो, पण केंद्र आणि राज्य मिळून रोज २०० रुपये जादा विलंब शुल्क पडतं. नेहमीच्या विलंब शुल्काला मात्र कोणी घाबरू नये. वार्षिक उलाढाल दीड कोटींच्या आत असेल तर ३बी या नेहमीच्या कर भरण्याच्या रिटर्नमागे ते २,००० रुपयांच्या वर जात नाही, आणि निरंक रिटर्न असेल तर ५०० च्या वर जात नाही. खरा फटका बसतो तो दोन गोष्टींनी. संबंधित आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत न घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट साधारणपणे बुडतं, म्हणजे लोखंडाच्या खरेदीवर भरलेला कर वजा न करता विक्रीवरचा पूर्ण कर रोखीने भरावा लागतो. शिवाय देय तारखेपासून तीन वर्षं झाली की ते रिटर्न पोर्टल स्वीकारतच नाही. तुमच्या सर्वांत जुन्या रिटर्नला तीन वर्षं कधी होतात ते आजच मोजा.

हा मार्ग जमत नसेल तर अपील करता येतं. आदेश कळवल्यापासून तीन महिने, आणि सबळ कारण दिलं तर आणखी एक महिना. वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते, पण ती भरली की उरलेल्या रकमेची वसुली कायद्यानेच थांबते. चार महिने उलटून गेल्यावर अपील अधिकाऱ्याला उशीर माफ करण्याचा अधिकारच उरत नाही. मग राहतं उच्च न्यायालय, आणि पावणेचार लाखांसाठी तिथला खर्च झेपेल का, हा हिशेब वकिलाला भेटण्याआधी करावा.

आता गोठवलेल्या खात्याबद्दल. एकल मालकीत मालक आणि धंदा कायद्याने एकच, पॅनही एकच. त्यामुळे ‘हे घरचं खातं आहे’ हा बचाव टिकत नाही. खात्यात मागणीपेक्षा जास्त शिल्लक असेल तर वरची रक्कम अडवून ठेवायचं कारण नाही, तेवढी सोडायला बँकेला लेखी सांगा. डीआरसी-१३ फक्त बँकेलाच जाते असंही नाही. ज्या कंपन्यांकडून तुमची जुनी बिलं येणं आहे, त्यांनाही ती जाऊ शकते. एक गोष्ट तपासाच : आदेश बजावल्यापासून तीन महिने वसुली करता येत नाही. ती मुदत कमी करायची असेल तर अधिकाऱ्याला कारण लेखी नोंदवावं लागतं. तीन महिन्यांच्या आतच खातं गोठवलं असेल, तर पहिला अर्ज याच मुद्द्यावर द्या.

नोटीस काढणाऱ्या अधिकाऱ्यालाच ती बदलण्याचा किंवा मागे घेण्याचा अधिकार आहे. आदेशाच्या माथ्यावर राज्याचं कार्यालय असेल तर येरवड्याचं जीएसटी भवन, केंद्राचं असेल तर ससून रोड. चुकीच्या दारात अर्ज दिला तर तो तिथेच पडून राहतो. अर्ज भरताना फक्त ‘खातं सोडा’ एवढंच लिहू नका. काही रक्कम लगेच भरून चलन जोडा आणि उरलेल्या रकमेसाठी पोर्टलवर ‘डीआरसी-२०’ म्हणजे हप्त्यांचा अर्ज करून त्याची पोच लावा. पैसे भरलेले दिसल्याशिवाय खातं सुटल्याची उदाहरणं विरळाच. ‘ओळखीने मिटवून देतो’ म्हणणारा कार्यालयाबाहेर भेटेलच, पण डिमांड आयडीसमोरची रक्कम शून्य करणं त्याच्या हातात नसतं.

मासिक हप्ते जास्तीत जास्त २४ मिळतात. रक्कम २५,००० पेक्षा कमी असेल तर ही सवलत नाही. रिटर्नमध्ये स्वतः दाखवून न भरलेल्या करालाही ती लागू होत नाही. एक हप्ता चुकला तरी उरलेली सगळी रक्कम तत्काळ, नव्या नोटिशीविना वसुलीस पात्र ठरते. त्यातून व्याज १८ टक्क्यांनी चालूच राहतं. समजा निव्वळ कर ३,६०,००० आहे. १५,००० चे २४ हप्ते घेतले तर व्याज सुमारे ६७,५०० होतं, ३०,००० चे १२ घेतले तर सुमारे ३५,१००. झेपत असेल तर बाराच मागा. पण पगार किंवा भाडं ज्या तारखेला हातात येतं त्याआधीची हप्त्याची तारीख मान्य करू नका.

प्रश्न : रविवार पेठेतल्या भागीदारी फर्ममधून मी २०२२ मध्ये निवृत्त झालो. नंतर फर्म बंद पडली. निवृत्तीच्या करारनाम्यात ‘सर्व देणी उरलेले भागीदार फेडतील’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी माझ्या नावाने वसुलीची नोटीस आली.

उत्तर : तो करार तुमच्या आपसातला. जीएसटी खात्याला तो बांधील नाही. कलम ९० नुसार निवृत्तीच्या तारखेपर्यंतच्या देण्याला तुम्ही जबाबदार आहातच, मग ते देणं नंतर ठरवलं गेलं तरी. निवृत्तीची लेखी सूचना एक महिन्यात आयुक्तांना दिली नसेल, तर सूचना पोचेपर्यंतचीही जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून आधी सूचनेची पोच शोधा. पोर्टलवर भागीदार बदलल्याची दुरुस्ती केली असेल तर तिचा एआरएन (अर्जाचा क्रमांक) काढा. मग नोटिशीत कोणत्या कालावधीचा कर मागितला आहे ते पाहून, निवृत्तीनंतरचे महिने वगळा असं उत्तर द्या. उरलेल्या काळाची पूर्ण रक्कम खातं एकट्या तुमच्याकडूनही वसूल करू शकतं. तुमचा करारनामा उपयोगी पडेल तो नंतर, बाकीच्या भागीदारांकडून ती रक्कम दिवाणी दाव्याने मागताना.

प्रश्न : मागणीची पूर्ण रक्कम ‘डीआरसी-०३’ने भरली, तरी तगादा थांबत नाही. अधिकारी म्हणतात, थकबाकी दिसते आहे.

उत्तर : डीआरसी-०३ म्हणजे स्वेच्छेने भरलेली रक्कम. ती आपोआप कोणत्याही डिमांड आयडीला चिकटत नाही. ‘डीआरसी-०३ए’ भरा, त्यात डीआरसी-०३ चा एआरएन आणि डिमांड आयडी द्या. रजिस्टरमधली मागणी तेवढ्याने कमी होते. इतर वाचकांनी आदेश निघाल्यावर डीआरसी-०३ च्या वाटेला जाऊच नये, ‘पेमेंट टुवर्ड्स डिमांड’ मधूनच भरावं.

प्रश्न : वडिलांचं हडपसरचं दुकान ते गेल्यावर बंद केलं. आता त्यांच्याच नावाने जुन्या वर्षांची नोटीस आली आहे. मला माझ्या पगारातून भरावं लागेल का?

उत्तर : नाही. धंदा पुढे चालवला नसेल तर वारसाची जबाबदारी वडिलांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतीच असते (कलम ९३). पण नोटीस बाजूला ठेवू नका. मृत्यू दाखला जोडून, व्यक्ती हयात नाही आणि धंदा बंद आहे, असं मुदतीत लेखी उत्तर द्या. त्यांच्या नावची जमीन किंवा फ्लॅट वाटून किंवा विकून टाकण्याआधी ही थकबाकी मिटवा, नाहीतर सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त बोजा चढतो आणि गिऱ्हाईक तिथूनच माघारी फिरतं.

प्रश्न : मी आता दुकान बंद करणार आहे. काय राहून जातं?

उत्तर : ‘आरईजी-१६’ने नोंदणी रद्द करण्याचा अर्ज केला, ‘आरईजी-१९’ हा रद्दीचा आदेश हातात आला, की लोक निर्धास्त होतात. त्यानंतर तीन महिन्यांत ‘जीएसटीआर-१०’ हे अंतिम रिटर्न भरायचं असतं. ते राहिलं तर रोज २०० रुपये, कमाल १०,००० विलंब शुल्क आणि वर तोच एएसएमटी-१३ चा फेरा. शिल्लक मालावर घेतलेलं क्रेडिट किंवा त्या मालाच्या विक्रीवर लागणारा जीएसटी, यांतली मोठी रक्कम परत भरावी लागते. मशिनरीचं आयुष्य ६० महिने धरून उरलेल्या महिन्यांपुरतं क्रेडिट मोजतात. शक्य तेवढा माल आधीच बिलाने विकून टाका. कॅश लेजरमध्ये काही उरलं तर ‘आरएफडी-०१’ने परत मागा. आणि व्यवसाय कर वेगळा. जीएसटी नोंदणी रद्द झाली म्हणून पीटीईसी (धंदा करणाऱ्याची स्वतःची व्यवसाय कर नोंदणी) रद्द होत नाही, वर्षाला २,५०० रुपये चढतच राहतात. पीटीईसी आणि नोकर असतील तर पीटीआरसी (नोकरांच्या व्यवसाय करासाठीची नोंदणी), दोन्हींच्या रद्दीकरणाचा अर्ज महाजीएसटीच्या संकेतस्थळावर स्वतंत्र करावा लागतो.