वडिलांचा नकार, सावकाराची हुंडी आणि तिसाव्या वर्षाची वाट

प्रश्न (पॅरिस, १७८६) : मी एका कौंटचा धाकटा मुलगा. वय २६, पायदळात सब-लेफ्टनंट. एक थोरला भाऊ आणि एक बहीण आहे. आमच्या जहागिरी पॅरिसच्या रूढीकायद्याखाली येतात. त्यांचं उत्पन्न वर्षाला १२,००० लिव्र, इतर मिळकतीचं ६,०००. एका कापडव्यापाऱ्याच्या २२ वर्षांच्या मुलीशी मला लग्न करायचं आहे आणि तिचे वडील राजी आहेत. माझे वडील म्हणतात, ‘लग्न केलंस तर वारसा तोडीन आणि राजाचं आज्ञापत्र आणून तुला कोंडीन.’ २४व्या वर्षी मी एका सावकाराला ३,००० लिव्रची हुंडी आणि दोन वचनचिठ्ठ्या लिहून दिल्या. हातात रोख १,८०० आले, बाकीचा विकला न जाणारा माल. आता तो सगळं मिळून एकच नवा कागद करू म्हणतो. होणारे सासरे धंद्यात भागीदारी देऊ करतात. काय करावं?

उत्तर : लग्नाचं थोडं बाजूला ठेवा, आधी सावकाराचं बघा. नव्या कागदावर सही करू नका आणि जुन्या कागदांपोटी एक लिव्रसुद्धा देऊ नका.

पॅरिसच्या रूढीप्रमाणे माणूस २५ पूर्ण झाल्यावर सज्ञान होतो. (नॉर्मंडीत ही मर्यादा २० आहे, म्हणून मित्रांच्या सल्ल्यावर विसंबू नका.) तुम्ही सही केली तेव्हा कायद्याने अज्ञान होतात. अज्ञानपणी केलेला नुकसानीचा व्यवहार रद्द करून घ्यायला सज्ञान झाल्यापासून १० वर्षं, म्हणजे वयाच्या ३५व्या वर्षापर्यंत मुदत मिळते. पार्लमाँला, म्हणजे इथल्या वरिष्ठ न्यायालयाला, जोडलेल्या चॅन्सेलरीतून (राजाच्या शिक्क्याच्या कचेरीतून) व्यवहार रद्द करण्याची राजपत्रं काढायची आणि ती न्यायालयात मंजूर करून घ्यायची. मात्र नुसतं ‘मी लहान होतो’ म्हणून भागत नाही, नुकसान दाखवावं लागतं. तुमच्या बाबतीत ते सोपं आहे, कारण कागदावरची रक्कम आणि हातात पडलेले पैसे यांचा मेळच बसत नाही. शिवाय इथल्या पार्लमाँच्या हद्दीत साध्या उसनवारीवर व्याज ठरवणं मुळातच बेकायदा आहे. व्याज घ्यायचं तर मुद्दल परत मागण्याचा हक्क सोडून ५ टक्क्यांच्या वार्षिक उत्पन्नाचा करार करावा लागतो. म्हणूनच सावकार व्याज मुद्दलात लपवतात आणि उरलेली रक्कम मालात फेडतात.

आता धोका कुठे आहे ते समजून घ्या. आज तुम्ही सज्ञान आहात. आज नवा कागद केलात किंवा हप्ता भरलात, तर जुन्या व्यवहाराला मान्यता दिली असं धरलं जाईल आणि ३५ पर्यंतचं दार बंद होईल. सावकाराला ‘एकच कागद’ हवाय तो यासाठीच. सही करताना त्याने तुमच्याकडून ‘वय २५ पूर्ण’ असं लिहून घेतलं असेल, तर तेवढ्याने घाबरू नका, नुसत्या विधानाने तुमचा हक्क जात नाही. बाप्तिस्म्याचा खोटा उतारा दिला असेल तर मात्र गोष्ट वेगळी, ते मला आधी कळवा.

दोन चिठ्ठ्यांपेक्षा हुंडी जड आहे. व्यापारी नसलेल्या माणसाला साध्या चिठ्ठीपायी अटक होत नाही. पण १६७३च्या व्यापारी अध्यादेशाप्रमाणे खऱ्या हुंडीवर सही करणारा कोणीही, सरदार असला तरी, अटकेला पात्र ठरतो. व्यापारी न्यायालयाचा निकाल लागला की ला फोर्सच्या तुरुंगात जायला वेळ लागत नाही. खरी हुंडी म्हणजे एका गावी लिहिलेली आणि दुसऱ्या गावी देय असलेली. पॅरिसमध्येच लिहून पॅरिसमध्येच देय असेल आणि दुसऱ्या गावाचं नाव नुसतं दाखवायला घातलं असेल, तर ती साध्या चिठ्ठीइतकीच ठरते. तो कागद नीट वाचा.

कर्जाला एवढं महत्त्व देण्याचं कारण असं, की वडिलांच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार तेच आहे. कौंट मिराबो या सरदारपुत्राचं उदाहरण सगळ्या पॅरिसला माहीत आहे. कर्जांमुळे त्यांच्या वडिलांनी त्यांना उधळे ठरवून व्यवहार करायला मनाई करवली, १७७४ मध्ये शातो दिफ या समुद्रातल्या किल्ल्याच्या तुरुंगात धाडलं, आणि पुढे परस्त्रीला घेऊन पळाल्यावर १७७७ ते १७८० व्हँसेनच्या किल्ल्यात कोंडलं. नुसत्या प्रेमापायी मंत्री सहसा हलत नाही, पण प्रेमाच्या जोडीला थकलेली हुंडी दिसली की ‘कुटुंबाची अब्रू’ हे शब्द अर्जात चपखल बसतात.

राजाच्या आज्ञापत्राला सुनावणी नसते आणि पार्लमाँत त्यावर अपीलही नसतं. म्हणून ते निघण्याआधीच हालचाल करायची. पॅरिसमध्ये असा अर्ज पोलिसप्रमुखाच्या चौकशीतून मंत्र्याकडे जातो, प्रांतात इंटेंडंटकडून, म्हणजे राजाच्या प्रांतिक कारभाऱ्याकडून. १७८४ मध्ये मंत्री बारों द ब्रतॉय यांनी इंटेंडंटांना पाठवलेल्या परिपत्रकाचा रोख असा आहे, की स्वतःचा मुखत्यार असलेल्या सज्ञान माणसाला केवळ घरच्यांच्या नाराजीपायी कोंडू नये आणि वळण लावण्यासाठी कोंडलं तरी वर्ष-दोन वर्षं पुरेत. हा कायदा नव्हे, मंत्र्याचं धोरण आहे, पण आज आधाराला तेच आहे. तुमच्या बाजूने एक छोटं निवेदन मंत्र्याकडे आधीच पोचवून ठेवा. त्याला बाप्तिस्म्याचा उतारा, चांगल्या वर्तणुकीबद्दल कर्नलचं पत्र आणि हुंडीविरुद्ध दावा लावल्याचा पुरावा जोडा. आई आणि मामांना भेटा. त्यांनी तुमच्यासाठी भांडावं अशी अपेक्षा नको, वडिलांच्या अर्जावर सही करू नये एवढंच मागा. आप्तांच्या सह्या नसलेल्या अर्जाचं वजन बरंच घटतं. व्हँसेनचा बुरुज १७८४ मध्ये बंद झाला म्हणून निश्चिंत राहू नका, बिघडलेल्या मुलांसाठी सां-लाझारचा कोंडवाडा अजून चालू आहे.

पळून जायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाका. तरुण सरदार लाफायेत १७७७ मध्ये राजाज्ञा मोडून स्पेनच्या बंदरातून अमेरिकेला गेले आणि १७७९ मध्ये परतल्यावर आठवडाभराच्या नजरकैदेवर सुटले, हे खरं. पण त्यांचे आईवडील लहानपणीच वारले होते आणि प्रचंड संपत्ती त्यांच्या स्वतःच्या नावावर होती. जहाजसुद्धा त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलं होतं. तुमचं सगळं अजून वडिलांच्या हाती आहे.

आता लग्न. २५ च्या आत संमतीशिवाय लग्न केलं असतंत तर ते फूस लावून केलेलं मानून रद्द झालं असतं आणि मुलीच्या घरच्यांवर फौजदारी आली असती. ती भीती तुमच्या वयामुळे संपली. पण १५५६च्या आज्ञेनुसार मुलाने ३० च्या आत आईवडिलांच्या संमतीविना लग्न केलं, तर लग्न टिकतं आणि वारसा तुटू शकतो. किती तुटेल ते आकड्यांत बघा. मृत्युपत्र नसेल तर वाडा आणि जहागिरीचं अर्धं उत्पन्न थोरल्याला जातं, कारण मुलं दोनपेक्षा जास्त आहेत. उरलेले ६,००० तुम्हा दोघा भावंडांत, म्हणजे तुम्हाला ३,०००. इतर मिळकतीचे तीन सारखे वाटे, तुमचे २,०००. एकूण वर्षाला ५,००० लिव्रच्या उत्पन्नाइतका हिस्सा झाला. वडिलांनी हयातीत देणग्या दिल्या तरी यातला अर्धा, म्हणजे २,५००चा भाग, तुमच्यासाठी राखीव असतो. आज लग्न केलंत आणि त्यांनी मृत्युपत्रात कारण नोंदवून वारसा तोडला, तर हा राखीव भागही जाईल.

चार वर्षं थांबलात तर हे कारणच त्यांच्या हाती राहत नाही. ३० पूर्ण झाल्यावर संमती लागत नाही, ती मागावी मात्र लागते. न्यायाधीशाची परवानगी काढून नोटरींमार्फत आईवडिलांना लेखी आणि आदराची विनंती करायची. नकार मिळाला तरी चालतो, विनंतीचा कागद चुकला तर चालत नाही. भाषा मऊ ठेवा, तक्रारीचा एकही शब्द नको.

मधल्या काळात राहण्याचा पत्ता पक्का करा. १६९७च्या आज्ञेप्रमाणे लग्न लावणारा पाद्री तुमच्याच पॅरिशचा (चर्चच्या वस्तीविभागाचा) हवा, आणि पॅरिश तुमचा ठरायला सहा महिने राहावं लागतं, दुसऱ्या बिशपच्या हद्दीतून आला असाल तर वर्षभर. छावण्या बदलणारे अधिकारी नेमके इथे अडकतात. तीन वेळा जाहीर पुकारा आणि चार साक्षीदार हेही हवेतच.

व्यापाऱ्याची मुलगी केल्याने तुमचं सरदारपण जात नाही, मुलांनाही ते बापाकडून मिळतं. लष्करी नेमणुकीसाठी १७८१च्या आदेशाने मागितलेल्या चार पिढ्यासुद्धा फक्त पित्याच्या बाजूच्या आहेत. माल्टाच्या सरदारांच्या धर्मसंघात मात्र आईच्या बाजूचेही पुरावे लागतात, तो रस्ता मुलांना बंद होईल.

भागीदारीचा कागद मला पाहू द्या. १७०१च्या आज्ञेने सरदारांना घाऊक व्यापाराची मुभा आहे. पण घाऊक म्हणजे गठ्ठ्यांत आणि पेट्यांत विक्री, उघडं दुकान नाही, मांडलेला माल नाही, दारावर पाटी नाही. सासऱ्यांच्या पेढीत वारावर कापड मोजून विकलं जात असेल आणि तुमचं नाव त्या भागीदारीत आलं, तर तुमची करमाफी जाईल, ‘ताय’ कराच्या यादीत नाव चढेल आणि दर्जा परत मिळवायला राजाकडून पत्रं आणावी लागतील. घाऊक वखारीचा हिशेब आणि करार वेगळा करायला ते तयार असतील, तरच पुढे बोलू.

येताना हुंडी आणि चिठ्ठ्यांच्या नकला, सावकाराने दिलेल्या मालाची यादी आणि तो माल किती किमतीला विकला गेला त्याच्या पावत्या आणा. हुंडीची मुदत भरायच्या आत दावा दाखल झाला पाहिजे.