फेब्रुवारीत मोडणारे संकल्प

प्रश्न : दरवर्षी 1 जानेवारीला संकल्प लिहिते. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायचं, पहाटे उठून तासभर प्रार्थना, दर शुक्रवारी उपवास, एकही रविवारची उपासना चुकवायची नाही. फेब्रुवारीत सगळं बंद पडतं. मग प्रार्थनेला बसायचीही लाज वाटते. यंदा संकल्प करावा की नाही? बाकी घरी सगळं ठीक आहे. धाकट्या बहिणीशी मात्र वर्षभर बोलणं नाही. – एक वाचक

प्रिय ताई,

संकल्प जरूर करा. पण वाचन चुकलं म्हणून देव तुमच्यावर रुसलाय, हे आधी मनातून काढून टाका. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावरच्या शोकात लिहिलेलं बायबलमधलं विलापगीत हे पुस्तक सांगतं की परमेश्वराची करुणा रोज सकाळी नवी होते. त्यात फेब्रुवारीतल्या सकाळीही आल्याच.

वाचन कुठे अडतं, याचा मला अंदाज आहे. उत्पत्ती आणि निर्गम ही बायबलची पहिली दोन पुस्तकं जानेवारीत भराभर होतात आणि फेब्रुवारी उजाडताच तिसरं, लेवीय, समोर येतं. अर्पणांचे विधी, शुद्ध-अशुद्धतेचे नियम. बायबलचे 1189 अध्याय वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार हवेतच. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी सात, मग दहा, आणि वाचनाची थकबाकी होऊन बसते. यंदा मार्कपासून, म्हणजे येशूची कहाणी सांगणाऱ्या मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. अवघे 16 अध्याय. रोज एकच, तोही सावकाश, आणि मनाला लागलेली एक ओळ वहीत उतरवून ठेवा. वहीत तारखा घालू नका. खंड पडला तर जिथे थांबलात तिथूनच पुढे वाचा. मार्क संपलं की लूकचं शुभवर्तमान आहेच.

प्रार्थनेला दहा मिनिटं पुरेत. दार लावा, मोबाइल बाहेर ठेवा. उपवास तब्येत बघूनच करा, औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. रविवारचा संकल्प छान आहे, तो तसाच राहू द्या.

आता बहीण. तिच्याबद्दल तुम्ही जाता जाता, अगदी शेवटी लिहिलंत. मला विचाराल तर यंदाचा पहिला संकल्प तोच. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. चूक कोणाची, हे तो विचारतच नाही. मला ही आज्ञा फार कठीण वाटते, म्हणूनच आपण तासभराची प्रार्थना आधी लिहितो.

आठवडाभर तिचं नाव घेऊन प्रार्थना करा. 'तिला सुबुद्धी दे' अशी नको. तिची मुलं, तिची नोकरी, तिचं दुखणंखुपणं देवापुढे मांडा. मग फोन करा. "तुझी आठवण येते गं, बोलूया का?" एवढंच. जुना हिशेब पहिल्याच फोनवर काढू नका. तिने उचलला नाही तर खचू नका. आपल्याकडून होईल तितकं शांतीने राहा, असंच प्रेषित पौलाने रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं होतं. मात्र भांडणामागे मारहाण किंवा फसवणूक असेल तर एकटीने जाऊ नका, पाळकांना किंवा विश्वासातल्या कुणाला मध्ये घ्या.

आणि हो, यासाठी 1 जानेवारीची वाट बघू नका. प्रार्थना आज रात्रीच सुरू करा. फोन झाला की मला कळवा.