शिशाच्या वजनांवर सुरकुत्या का पडतात?

प्रश्न : गळासाठी शिशाची वजनं घरी ओततो. त्यांवर सुरकुत्या पडतात, कडाही भरत नाहीत. काय चुकतं?

उत्तर : बहुधा साचा थंड आहे. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, पण ओतताना ते ३७० ते ४०० अंशांवर हवं. साचा आधी तापवा. तरी पहिले चार-पाच नग परत भांड्यातच जाणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. उलट वजनं पांढुरकी, खरखरीत निघाली तर साचा फार तापलाय. शिसं साफ करायला वितळलेल्या शिशात वाटाण्याएवढं मेण टाकून ढवळा, वर आलेली मळी काढा. मेण पेटतं, तोंड लांब ठेवा. साच्यात पाण्याचा थेंबही नको: क्षणात वाफ होऊन शिसं उसळतं. बॅटरीच्या जुन्या पट्ट्या वितळवूच नका, विषारी वायू निघतो. काम उघड्यावर करा. स्वयंपाकाची भांडी वर्ज्य.