भोपळा मिळाला, फोडला की फुटला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या देशाच्या राजकारणावर टिपण काढलंत, त्यात एफएमएलएन या तिथल्या डाव्या पक्षाच्या २०२४ च्या निकालाबद्दल "अखेर एफएमएलएनचा भोपळा फुटला" असं वाक्य टाकलंत, आणि एका मुलाने उत्तरात लिहिलं की या पक्षाने २०२४ साली खातं उघडलं. आता मार्क कापायचे का?

नका कापू. पोराचं काही चुकलेलं नाही, वाक्यच तसं आहे. आपल्याकडे भोपळ्याला जे क्रियापद लावाल त्यावर सगळा खेळ आहे, आणि योगायोग बघा, या एका पक्षाच्या तीस वर्षांत भोपळ्याचे सगळे प्रकार होऊन गेलेत.

आधी साधा भोपळा. आकार गोल म्हणून शून्य. गणितात भोपळा मिळाला, बॅट्समन भोपळ्यावर आउट झाला, इथे सगळीकडे भोपळा म्हणजे हातात काही नाही. तो "मिळतो". मग पहिली धाव निघाली, पहिली जागा आली की तो भोपळा आपण "फोडतो", म्हणजे शून्य मोडलं. आणि नाहीच जमलं तर "भोपळाही फोडता आला नाही". यातला "ही" खाऊ नका, सगळा टोमणा त्या "ही"मध्येच आहे.

तिसरा आहे भ्रमाचा भोपळा. तो कोणी फोडत नाही, आपोआप "फुटतो". इथे शून्याचा काही संबंध नाही, बाहेरून टणक दिसणारी पण आतून पोकळ अशी समजूत फुटली एवढंच. तुमच्या वाक्यात "भ्रमाचा" गाळला गेलाय आणि "फुटला" राहिलाय, त्यामुळे वाचणारा एकतर शून्य मोडलं असं समजणार नाहीतर गैरसमज दूर झाला असं, आणि तुम्हाला सांगायचंय ते तिसरंच की शून्य जागा मिळाल्या!

आता पक्षाकडे. फाराबुंदो मार्ती राष्ट्रीय मुक्ती आघाडी हे एफएमएलएनचं पूर्ण नाव, १९३२ साली गोळ्या घातलेल्या कम्युनिस्ट नेत्याचं नाव घेऊन १९८० साली पाच गनिमी संघटना एकत्र आल्या त्यातून हे झालं. तिकडे लोक नुसतं "एल फ्रेन्ते" म्हणतात, म्हणजे आघाडी. (यावरून एक आठवलं, "आघाडीने आघाडी घेतली" असलं वाक्य टिपणात येऊ देऊ नका, १९९५ पासून तो सरळ एक पक्ष आहे, तर पक्षच म्हणा.) बारा वर्षं यादवी चालली, अंदाजे ७५,००० माणसं मेली, १६ जानेवारी १९९२ ला मेक्सिकोत चापुल्तेपेकच्या किल्ल्यात तह झाला आणि बंदुका ठेवून हे लोक मतपेटीकडे आले.

१९९४ ची पहिली निवडणूक, ८४ पैकी २१ जागा. इथे "भोपळा फोडला" म्हणाल का? मी नाही म्हणणार. तांत्रिकदृष्ट्या चूक नाही, पण भोपळा फोडणं म्हणजे कसंबसं, बऱ्याच वाट बघण्यानंतर निघालेली एक धाव. पहिल्याच बॉलला चौकार बसला तर भोपळा फोडला असं कोण म्हणतं? तिथे "दणक्यात खातं उघडलं" बरं.

पण राष्ट्राध्यक्षपदाला मात्र शब्द फिट्ट बसतो. १९९४ ला रुबेन सामोरा हरले, १९९९ ला फाकुंदो गुआर्दादो, २००४ ला जुने गनिमी नेते शाफिक हांदाल, तिन्ही वेळा समोर अरेना हा उजवा पक्ष आणि तिन्ही वेळा तोच जिंकला. गंमत म्हणजे २००० आणि २००३ ला संसदेत एफएमएलएनच्या जागा अरेनापेक्षा जास्त होत्या, दोन्ही वेळा ३१, तरी वरची खुर्ची काही मिळेना. मग २००९ ला त्यांनी टीव्ही पत्रकार मौरिसिओ फुनेसना उभं केलं, जे कधी बंदूक घेऊन लढले नव्हते, आणि ५१ टक्क्यांच्या थोडं वर मतं घेऊन जिंकले. अरेनाची वीस वर्षांची सत्ता गेली. हा खरा फोडलेला भोपळा.

२०१४ ला एफएमएलएनचेच साल्वादोर सांचेस सेरेन आले, दुसऱ्या फेरीत फरक फक्त ६,३६४ मतांचा, त्याला निसटता विजय म्हणतात, भोपळ्याला इथे काम नाही.

आणि हो, एफएमएलएन आणि अरेना या दोन पक्षांचं विळ्याभोपळ्याचं सख्य असं तुम्ही पुढच्या पानावर लिहिलंय ते मस्तच, फक्त पोरं विळा बघून डाव्यांकडे जातील. एफएमएलएनच्या लाल झेंड्यावर विळा नाही, पांढरी चांदणी आहे.

भ्रमाचा भोपळा कधी फुटला म्हणाल तर मी २०१९ सांगेन. राजधानी सान साल्वादोरचा महापौर नायिब बुकेले याच पक्षाचा, त्याला २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये पक्षाने काढून टाकलं. पक्षाबाहेर गेला की संपला, हा हिशोब असेल तर तो सपशेल चुकला, कारण २०१९ ला तो दुसऱ्याच पक्षाच्या तिकिटावर पहिल्या फेरीतच ५३ टक्के घेऊन राष्ट्राध्यक्ष झाला आणि सत्तेतला एफएमएलएन १४ टक्क्यांवर तिसरा आला. २०२१ ला संसदेत २३ वरून ४ जागा. याला धुव्वा म्हणा, पानिपत म्हणा, भोपळा नाही, चार जागा आहेत ना हातात.

भोपळा मिळाला तो २०२४ ला. बुकेलेच्या नुएवास इदेआस या पक्षाला ६० पैकी ५४ आणि एफएमएलएनला शून्य, १९९४ पासून पहिल्यांदाच. पण इथे एक बारकावा टिपणात घालाच, की भोपळा फक्त जागांचा असतो, मतांचा नाही. पक्षाला साधारण ६ टक्के मतं होती, तेवढीही नसलेल्या दोन-तीन छोट्या पक्षांना एखाददुसरी जागा मिळाली आणि यांना नाही. झालं असं की २०२३ मध्ये जागा ८४ वरून ६० केल्या आणि मतांवरून जागा काढायची पद्धतही मोठ्या पक्षाला सोयीची झाली, त्यात १४ विभागांत पसरलेली ६ टक्के मतं कुठेच एका जागेइतकी साठली नाहीत. "डिपॉझिट जप्त" हे मात्र तिकडे चिकटवू नका, ते आपल्याकडच्या एक षष्ठांश मतांच्या नियमाचं बाळ आहे.

तर वाक्य असं करा: "२०२४ मध्ये एफएमएलएनला संसदेत भोपळाही फोडता आला नाही." मथळ्यात जागा कमी असेल तर "एफएमएलएनला भोपळा". आणि त्या मुलाला पूर्ण मार्क द्या.