गुडघ्यातील कूर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाच्या, दुरुस्तीची शस्त्रक्रिया दहा-पंधरा वर्षांनंतरही उपयोगी ठरते का?
अनेकांना दीर्घकाळ वेदनांपासून दिलासा मिळतो, परंतु या शस्त्रक्रियेने गुडघा कायमचा पूर्ववत होतो असे म्हणता येत नाही. माझ्या या उत्तराचा मुख्य आधार नॉर्वेतील एक चाचणी आहे. तेथे ८० रुग्णांपैकी निम्म्यांवर मायक्रोफ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक छिद्रे पाडून मज्जेतील पेशींकरवी कूर्चेतील खड्डा भरून घेण्याची शस्त्रक्रिया झाली, तर उरलेल्यांमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्यांच्याच कूर्चापेशींचे रोपण करण्यात आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १५ वर्षांच्या पाठपुराव्यात रोपणाच्या १७ आणि मायक्रोफ्रॅक्चरच्या १३ शस्त्रक्रिया अयशस्वी ठरल्या होत्या. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक नव्हता. ज्यांची दुरुस्ती टिकली, त्यांच्यापैकीही जवळपास निम्म्यांच्या एक्स-रेमध्ये झिजेच्या संधिवाताची सुरुवात दिसली, आणि निर्णय घेताना हीच बाब सर्वाधिक विचारात घ्यावी असे मला वाटते. मात्र हे निष्कर्ष तुलनेने तरुण रुग्णांच्या, ठरावीक जागी झालेल्या इजेचे आहेत आणि रोपणाचे तंत्रही तेव्हा पहिल्या पिढीचे होते. संपूर्ण सांधाच झिजला असेल, तर ते लागू होत नाहीत.