इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या भागाच्या नकाशातले बेक, टार्न, फेल, फोर्स, गिल म्हणजे काय?

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलीतले हे शब्द व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतून आलेत, त्यामुळे नेहमीचा इंग्रजी अर्थ लावला की घोटाळा होतो. बेक म्हणजे ओढा, टार्न म्हणजे डोंगरातलं लहान तळं, फेल म्हणजे डोंगर. फोर्स म्हणजे धबधबा, उदाहरणार्थ अल्सवॉटर तळ्याजवळचा एअरा फोर्स. ताकद या अर्थाचा फोर्स वेगळा, तो फ्रेंचमधून आला.

खरी गंमत गिलची. गिल म्हणजे ओढ्याने कापलेली घळ. काही ठिकाणी स्पेलिंग जी-एच-वाय-एल-एल दिसेल, उच्चार तोच. पण जी-आय-एल-एल असंच लिहिलेलं द्रवाचं जुनं माप 'जिल' म्हणायचं: पाव पाइंट, ब्रिटिश मापाने सुमारे १४२ मिलि. स्कॉटलंडमध्ये ओढ्याला बेक नाही, बर्न म्हणतात.