उतारू नेमका कुठे उतरतो?

दादरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे : जुन्या मराठी वर्तमानपत्रांत 'उतारूंची गर्दी' असं छापलेलं असे. पण उतारू म्हणजे उतरणारा, मग गाडीत चढणाराही उतारू कसा? आणि आज 'प्रवासी' लिहावं की 'उतारू'?

आधी एक सांगून टाकतो. 'जमाव दगडफेकीवर उतारू झाला' हे मराठी नाही, सरळ हिंदीची उचल आहे. मराठीत जमाव दगडफेकीवर उतरतो. रोज संध्याकाळी बातम्यांत ते ऐकून कान किटले.

आता उतारू. खाली येणं, मुक्काम करणं, ताप उतरणं हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, ते सोडून देऊ. खरी मौज संस्कृतातल्या 'तॄ' धातूत आहे. तॄ म्हणजे पाणी ओलांडणं. त्याआधी 'उद्' हा उपसर्ग लागला की पाण्यातून पैलतीरावर वर येणं. परीक्षेत 'उत्तीर्ण' झालेली मुलगी मुळात नदी पार करून काठाला लागलेली असते! तरणं, तारू, कोकणातली तर (म्हणजे पैलतीरी नेणारी नाव), सगळी याच कुळातली. 'तीर्थ'सुद्धा. तीर्थ म्हणजे आधी नदी ओलांडायची जागा. स्नान आणि पुण्य मागाहून आलं. त्याच जागेला मराठीने नाव दिलं 'उतार'. 'नदीला उतार आहे' म्हणजे ती पायी ओलांडता येते.

म्हणून माझ्या मते उतारू म्हणजे नदीपार निघालेला माणूस. नावेत चढला तरी उतारूच, कारण जायचंय पलीकडे. काही जण हा शब्द धर्मशाळेत 'उतरणाऱ्या' वाटसरूपासून काढतात. मला ते साफ अमान्य आहे. पूल नव्हते तेव्हा मुक्काम झाडाखालीही करता येई. नदी मात्र उतार किंवा नाव असेल तिथेच ओलांडावी लागे. प्रवास अडायचा तो नदीपाशी, आणि प्रवाशाचं नावही तिथेच पडणार.

उताराचं मोल लढाईत कळतं. 1760च्या ऑक्टोबरात मराठे दिल्लीच्या उत्तरेला कुंजपुऱ्याकडे होते. फुगलेली यमुना अब्दालीला अडवील असा भरवसा होता. त्याने बागपतजवळ उतार शोधला, फौज अलीकडे आणली आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तोडली. पुढे 14 जानेवारी 1761, पानिपत. मराठवाड्यातल्या असईच्या लढाईत 23 सप्टेंबर 1803 रोजी तर उताराचा शोध निव्वळ तर्काने लागला. केळणा नदीपलीकडे शिंदे-भोसल्यांचं सैन्य उभं होतं. वाटाडे इंग्रज सेनापती वेलस्लीला सांगत होते, जवळपास उतार नाही. त्याला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. इतकी जवळची गावं एकमेकांकडे जाण्याची सोय केल्यावाचून राहतील कशी? उतार असणारच! होताच. तो तिथून पार झाला आणि मराठ्यांच्या डाव्या बाजूवर आला.

मुंबईकरांनाही हे परकं वाटू नये. माहीमहून वांद्र्याला जाताना लोक खाडीत नावेत बसत. लेडी जमशेटजींनी दिलेल्या 1,57,000 रुपयांतून 1845 साली बांध झाला तेव्हा ती तारांबळ संपली. तोवर आपण सगळे अस्सल उतारू होतो.

जाता जाता 'पायउतार'. मंत्री पायउतार झाले की पालखीतून किंवा घोड्यावरून खाली येण्याचा दाखला देतात. पण पाणी ओसरून नदी पायी ओलांडण्याजोगी झाली की ती 'पायउतार' झाली, असंही मराठीत म्हणतात. पूर ओसरल्यावर कोणीही तिच्यातून चालत जातो. खुर्ची गेलेल्या माणसाला हीच उपमा जास्त शोभते, आणि मी ती सोडणार नाही.

राहिलं प्रश्नाचं शेवटचं टोक. लोकलसाठी 'प्रवासी' चालेल. नावेतल्या माणसाला मात्र उतारूच लिहा.